चित्र सदतीसमधली बाई

विद्यापीठाच्या ग्रंथालयामागे, सायकली लावायच्या छपराला लागून एक खोली आहे. दारावर 'सुलभ वाचन कक्ष' अशी पाटी आहे आणि पाटीखाली कुणीतरी बाण काढून 'झेरॉक्स पलीकडे' असं लिहून ठेवलं आहे, कारण दिवसातून दहाजण झेरॉक्स विचारायलाच आत डोकावतात. खरं काम असलेला माणूस महिन्यातून एखादा आला तर आला. ज्यांच्यासाठी ही खोली आहे त्यांचं सगळं मेलवर चालतं.

या खोलीत आत्या बसत. कुणाच्या आत्या, असं विचारू नका. एकदा त्यांची भाची विसरलेला डबा द्यायला आली आणि दारातूनच "आत्याऽ" म्हणून ओरडली, तेव्हापासून शिपायापासून कक्षप्रमुखांपर्यंत सगळ्यांच्याच त्या आत्या झाल्या. कक्षप्रमुख त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे होते, पण त्याचं त्यांना काही वाटत नसे.

आत्यांचं काम डोळ्यांनी न वाचणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं तयार करायचं. पुस्तक आलं की आधी मशीनवर त्याची शिवण कापायची आणि पानं सुटी करून स्कॅनरच्या तोंडात द्यायची. मग संगणक अक्षरं ओळखतो, आणि ओळखताना असे काही घोळ घालतो की विचारता सोय नाही. ते घोळ निस्तरायचे, तळटीपा जागच्या जागी लावायच्या, मथळ्यांना खुणा करायच्या म्हणजे ऐकणाऱ्याला एका प्रकरणावरून दुसऱ्यावर जाता येतं. आणि शेवटी चित्रं. चित्र संगणक वाचून दाखवू शकत नाही, म्हणून त्यात काय आहे ते आत्यांनी शब्दांत लिहायचं. मग फाइल विद्यार्थ्याकडे जायची आणि त्याचा संगणक ती पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत मोठ्याने वाचायचा.

आत्या या कामात अगदी मुरलेल्या होत्या. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. तिथे डोळ्यांत तेल घालून दुसऱ्याच्या चुका शोधायच्या, पण पदरचा एक स्वल्पविरामसुद्धा घालायचा नाही, असा दंडक. बावीस वर्षांत आत्यांनी तो एकदाही मोडला नव्हता. छापखाना बंद पडला तेव्हा मालक निरोपाच्या भाषणात म्हणाले होते, "या बाई इथे होत्या हे आपल्या एकाही पुस्तकात कुठे दिसणार नाही." त्यांनी ते कौतुकाने म्हटलं होतं. आत्यांनी ते घरी येऊन कुणाला सांगितलं नाही.

घर म्हणजे दादा आणि वहिनीचं. आत्यांनी लग्न केलं नव्हतं. आईवडील गेल्यावर मागची खोली त्यांच्याकडे आली होती. भाची नोकरीसाठी दूर गेल्यापासून घरात तीन माणसं आणि चार फोन उरले होते. जेवताना कधी आत्यांच्या तोंडून सुरू व्हायचं, "आज ना, एका पुस्तकात एक चित्र होतं. एका पुलाचं. त्याच्यावर एक हवालदार उभा आहे आणि—"

"मुद्द्याचं बोल," दादा मान वर न करता म्हणायचा.

आता मुद्दा असा काही नसायचाच. पूल होता, हवालदार होता, तो बिचारा एकटाच उभा होता. आत्या म्हणायच्या, "काही नाही, असंच," आणि वहिनी वाढू का विचारायची. माणसं वाईट नव्हती हो. फक्त त्या घरात आत्यांनी उद्यापासून बोलणं बंद केलं असतं, तर ते पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं असतं हे सांगणं कठीण होतं.

तर अशा आत्यांना 'वकीलसाहेब' भेटले. भेटले म्हणजे मेलवर. इतिहासात एम. ए. करणारा हा मुलगा जन्मापासून पाहू शकत नव्हता, आणि वकील त्याला ऑफिसातल्यांनी त्याच्या मेलवरून ठरवलं होतं. 'पान ८८ वरची तळटीप मुख्य मजकुरात घुसली आहे, तिला बाहेर काढावं.' 'प्रकरण ४ मध्ये १८७२ चे १८२७ झाले आहेत. पंचेचाळीस वर्षं हा लहान फरक नाही.' इतर विद्यार्थी फाइल मिळाली की गप्प; मिळाली नाही तरच लिहायचे. हा एकटा शब्दन् शब्द ऐकायचा. आत्यांना त्याच्या मेलचा राग यायला हवा होता, पण त्या सकाळी आल्या आल्या आधी तेच उघडून बघायच्या. आपण दिवसभर जे लिहितो ते कुणीतरी शेवटपर्यंत ऐकतं, हे त्यांना पंचावन्नाव्या वर्षी प्रथमच कळलं होतं.

इथून पुढे बिघडलं.

चित्रांचं वर्णन करायचा नियम सोपा आहे. दिसतं तेवढंच लिहायचं. वर्णन करणाऱ्याला आपलं काही म्हणायचंच असेल, तर आधी 'नोंद सुरू' लिहायचं, मग आपलं वाक्य, मग 'नोंद संपली'. म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं, की हा मधला आवाज पुस्तकाचा नाही. सुरुवातीला आत्या नेमाने तसं लिहीत. एका घराच्या आराखड्याखाली त्यांनी लिहिलं होतं, 'नोंद सुरू. मागच्या खोलीला खिडकी दाखवलेली नाही. नोंद संपली.' त्यावर वकीलसाहेबांचा मेल आला होता, 'खिडकीचं कळवल्याबद्दल आभार.' आभार! आत्या दिवसभर हवेत होत्या.

पुढे त्यांना ते 'सुरू' आणि 'संपली' खटकायला लागलं. एक साधं वाक्य बोलायचं तर आधी घंटा वाजवायची आणि मग पुन्हा घंटा वाजवायची, हे कुठल्या गप्पांत चालतं? एकदा घाईत ते शब्द राहून गेले. वाक्य मजकुरात सहज मिसळलं, कानाला छान लागलं. वकीलसाहेबांची तक्रार आली नाही. दुसऱ्यांदा आत्यांनी ते शब्द घाई नसताना वगळले. नंतर नंतर ते लिहायचे असतात हेच त्या विसरल्या. मुद्रितं तपासणाऱ्या बाईने हे करावं! पण बावीस वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलेल्या माणसाला एकदा बोलायची चटक लागली, की नियम आठवत नाही.

असं दीड वर्ष चाललं आणि एका सोमवारी मेल आला.

'मॅडम, कारखान्यांच्या पुस्तकातल्या चित्र ३७ खाली पुढील वाक्यं आहेत: "भिंतीशी बसलेल्या बाईने डबा उघडलेला नाही. शेजारची जागा तिने कुणासाठी तरी राखून ठेवली आहे. ते माणूस आता येणार नाही, हे तिला कळलेलं आहे." ही वाक्यं छापील पुस्तकात कोणत्या पानावर आहेत ते कृपया कळवावं. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्यांवर उभं आहे. बाहेरच्या परीक्षकांना ती पुस्तकात सापडली नाहीत आणि त्यांनी मी पुरावा बनवल्याची तक्रार केली आहे. बहुधा त्यांनी दुसरी आवृत्ती पाहिली असावी. गुरुवारी समितीपुढे पान दाखवायचं आहे. आरोप सिद्ध झाला तर प्रबंध रद्द होईल आणि दोन वर्षं परीक्षेला बसता येणार नाही.'

आत्यांनी मेल दोनदा वाचला. त्यांनी कपाटातून पुस्तकाची सुटी पानं काढली. चित्र सदतीस. कारखान्याचं आवार, जेवणाची सुट्टी, ओळीने बसून खाणाऱ्या चाळीसेक बायका. एक बाई बाजूला, नळाजवळच्या भिंतीशी, मांडीवर बंद डबा. खाली छापलेलं होतं: 'जेवणाची सुट्टी.' बस्स. बाकी सगळं आत्यांचं.

त्या मुलाने त्या तीन वाक्यांवर काय उभारलं होतं, ते त्याच्या प्रबंधात त्यांना वाचायला मिळालं. मेलला जोडलेलाच होता. कामावरून काढलेल्या मैत्रिणींच्या जागा बायका जेवताना रिकाम्या ठेवत, कुणाला बसू देत नसत, आणि हा त्यांचा न बोलता केलेला निषेध होता, असं त्याने मांडलं होतं. सुंदर लिहिलं होतं पोराने. वाचताना आत्यांना ते पटत चाललं होतं, आणि मग आठवलं की याच्या मुळाशी त्या दिवशी दुपारी आपण एकटीने खाल्लेला डबा आहे, दुसरं काही नाही.

त्या कक्षप्रमुखांकडे गेल्या आणि एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या. कक्षप्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे बघा आत्या," ते म्हणाले, "असं करू. सॉफ्टवेअरवर ढकलू."

"म्हणजे?"

"म्हणजे चित्राचं वर्णन मशीनने केलं, त्याने मनाचं घातलं. मशीन घालतंच की काय वाट्टेल ते! सगळ्यांना माहीत आहे. मुलगा सुटला, तुम्ही सुटलात, मीही सुटलो. कुणाचं काय गेलं?"

"पण खोटंच ना ते?"

"आत्या, तुमचं खरं ऐकून त्या मुलाचं काही जास्त भलं होणार आहे का? तुमची नोकरी मात्र जाईल. मग घरी बसून काय कराल?"

 घरी बसून काय करणार, हे आत्यांना नेमकं माहीत होतं. त्यांनी मान डोलावली. वकीलसाहेबांना मेल केला: 'गुरुवारी आम्ही समितीपुढे येऊन खुलासा करू.' खाली स्वतःचं पद लिहिलं. आणि 'काळजी करू नये' असं लिहिलेलं खोडलं.

समितीची खोली पहिल्या मजल्यावर होती. लांब टेबल, पाण्याची भांडी, मध्ये अध्यक्ष असलेल्या प्राध्यापिका, उजवीकडे ते बाहेरचे परीक्षक. समोर तो मुलगा. आत्यांनी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. मेलवरून त्यांना तो उंच आणि जरा तापट वाटला होता. प्रत्यक्षात किरकोळ होता, शर्टाचं वरचं बटणही लावून आला होता, आणि घडीची काठी दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसला होता.

"मी भिंग लावून पाहिलं," परीक्षक सांगत होते. "त्या बाईने जागा राखली आहे असं चित्रात कुठेही नाही. लेखकाने म्हटलेलं नाही. ही वाक्यं आली कुठून?"

"सर, ती माझ्या प्रतीत आहेत."

"छापील प्रतीशी ताडून नाही पाहिलंस?"

"कसं पाहू, सर?"

त्याने टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं. कक्षप्रमुखांनी घसा साफ केला.

"मॅडम, याचा खुलासा आहे. आमचं सॉफ्टवेअर कधी कधी वर्णन करताना मनाचं घालतं. तांत्रिक चूक आहे, विद्यार्थ्याचा दोष नाही."

"असं?" परीक्षक पुढे झुकले. "मग याने वाचलेल्या बाकीच्या पुस्तकांचं काय? त्यांतही घातलं असेल. मी म्हणतो, या प्रतींवर केलेला अभ्यास आपण धरायचाच कशाला? या मुलांना माणूस बसवून वाचून दाखवा आणि त्याची सही घ्या."

"मुद्दा आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि काहीतरी लिहून घेऊ लागल्या.

मुलाचा चेहरा उतरला. "मॅडम, माझं सगळं शिक्षण याच प्रतींवर झालंय," तो म्हणाला. "वाचून दाखवायला माणूस मिळेपर्यंत परीक्षा होऊन जाते. आणि मिळाला तरी त्याला पान मागे जा म्हणायची लाज वाटते. या प्रती आल्या तेव्हापासून मी माझा मी वाचतो. त्या चुकीच्या म्हटल्या तर माझं काहीच राहत नाही."

आत्या उठल्या. उठायचं त्यांनी ठरवलं नव्हतं; खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला तेव्हा आपण उभ्या आहोत हे त्यांना कळलं.

"मशीनने नाही घातलं," त्या म्हणाल्या. "मी घातलं. मशीन बरोबर आहे. प्रती बरोबर आहेत. माझी वाक्यं तेवढी काढायची."

कक्षप्रमुखांनी डोळे मिटून घेतले.

"तुम्ही?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "का?"

"मला तसं वाटलं म्हणून."

"कशावरून वाटलं?"

"कशावरूनच नाही," आत्या म्हणाल्या.

मुलाने त्यांच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. तो ओरडेल असं आत्यांना वाटलं, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो हळू बोलला.

"मॅडम, डोळस माणसाला छापलेलं वेगळं दिसतं आणि त्यावर कुणी पेन्सिलीने लिहिलेलं वेगळं दिसतं. मला सगळं एकाच आवाजात ऐकू येतं."

समितीने निकाल दिला तो तसा नरमच होता. मुलावर काही दोष नाही; चार महिन्यांत तिसरं प्रकरण नव्याने लिहावं. त्याची सगळी पुस्तकं तपासून शुद्ध प्रती द्याव्यात. यापुढे त्याचं काम दुसऱ्या विद्यापीठाच्या कक्षाकडे जाईल. आत्यांना लेखी समज. नोकरी राहिली. कक्षप्रमुख जिना उतरताना म्हणाले, "वाचलात," आणि त्यानंतर आठवडाभर बोलले नाहीत.

घरी आत्यांनी जेवताना सांगायचं ठरवलं. "दादा, आज माझ्या ऑफिसात एक झालं," त्या म्हणाल्या.

"हं," दादा म्हणाला. मग फोन बाजूला ठेवून, जरा काळजीनेच, "नोकरीला काही झालं नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर," तो म्हणाला, आणि त्याचा जीव भांड्यात पडलेला स्पष्ट दिसला.

शुद्ध प्रती करायचं काम आत्यांनाच करावं लागलं, कारण कुठलं वाक्य कुणाचं हे दुसऱ्या कुणाला कळणार? नऊ पुस्तकं होती. या कामाची रीत अशी की शेवटची तपासणी डोळ्यांनी करायची नाही; पडदा बंद करून, विद्यार्थी ऐकतो तशी ऐकायची. आत्या कानांना हेडफोन लावून बसल्या. यंत्राचा सपाट आवाज वाचत जायचा आणि मध्येच त्यांचं वाक्य यायचं. 'पुलावरच्या हवालदाराला कुणीतरी थांबून बोलावं असं वाटत असावं.' थांबवलं, पुसलं. 'या खोलीत बहुधा कुणी बसत नसावं.' पुसलं. शाळेच्या सहलीच्या फोटोतली मागच्या रांगेतली मुलगी, स्टेशनबाहेर सामानावर बसलेली म्हातारी. एकेक वाक्य त्यांना पाठ होतं. काही ऐकून त्यांना अजूनही वाटलं, की चांगलं जमलं होतं हे. तरी पुसलं. सोळा दिवस लागले. सकाळी मेल उघडायची सवय तेवढी सुटत नव्हती, आणि मेल येत नव्हता.

सतराव्या दिवशी दुपारी दारात काठीचा आवाज झाला.

"झेरॉक्स पलीकडे," आत्या सवयीने म्हणाल्या आणि मग त्यांनी वर पाहिलं.

"झेरॉक्स नको," तो म्हणाला. "फाइली न्यायला आलोय."

"मी पाठवणारच होते मेलवर."

"माहीत आहे."

त्यांनी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही, फक्त खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. आत्यांनी नऊ फाइली पेन ड्राइव्हवर घातल्या.

"किती वाक्यं निघाली?" त्याने विचारलं.

"एकशे सहा."

तो किंचित हसला. पण ते हसू टिकलं नाही. "मी तर मोजत होतो," तो म्हणाला. "म्हणजे, तुमची म्हणून नाही. मला नवल वाटायचं. एक पुलांवरचं पुस्तक, एक शाळांवरचं, एक कारखान्यांवरचं. नऊ लेखक वेगळे. पण कुठलंही चित्र आलं की प्रत्येकाला त्यातलं एकटं बसलेलं माणूसच दिसायचं. मला वाटायचं, इतिहास लिहिणारी माणसं जात्याच एकटी असतात. मी गाइडना तसं बोललोसुद्धा."

आत्यांनी हातातला पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. सोळा दिवस त्यांनी ती वाक्यं एकेक करून ऐकली होती आणि हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आपण हवालदाराबद्दल लिहितोय, म्हातारीबद्दल लिहितोय, असंच त्या समजत होत्या. त्यांना शरम वाटली, वाक्यं घातली त्याच्या शरमेहून जास्त.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"विचार ना."

"तुमच्याशी बोलायला कुणी नाही का हो?"

आहेत की, दादा आहे, वहिनी आहे, भाची दर रविवारी फोन करते. हे सगळं ओठांवर आलं होतं. पण या मुलाला पुन्हा एकदा खोटं सांगणं त्यांच्या जिवावर आलं.

"नाही," आत्या म्हणाल्या.

त्याने टेबल चाचपून पेन ड्राइव्ह घेतला, खिशात ठेवला, खिशावरून एकदा हात फिरवला.

"मग मला लिहायचं होतं ना, मॅडम," तो म्हणाला. "माझा मेल होता तुमच्याकडे. पुस्तकात कशाला लिहिलंत?"

आत्यांचा चेहरा त्याला दिसत नव्हता, त्यामुळे त्याला उत्तरासाठी थांबावं लागलं. उत्तर आलं नाही तेव्हा त्याने काठी पुढे केली आणि तो तासाला गेला.